पगार, वेतन आणि मानधन

‘पगार’ हा शब्द फिरंग्यांचा, सबब त्याची हकालपट्टी करून ‘वेतन’ म्हणावे, असा आग्रह धरणारे एक सद्गृहस्थ आम्हांला दर दिवाळीत भेटतात. शब्द फिरंगी खराच! १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, पुढे तारापूरला त्यांचा किल्ला उभा राहिला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. किल्ले घेतले, शब्द मात्र कुणी परत केले नाहीत. सद्गृहस्थ अभ्यंगस्नान करतात ती बादली आणि फराळाच्या कपाटाची चावी, दोन्ही पोर्तुगीजच. ती त्यांनी अजून टाकलेली नाहीत.

पगाराची कुळकथा ऐकण्याजोगी आहे. पोर्तुगीज नि स्पॅनिश भाषांत ‘पगार’ हे नाम नव्हे, क्रियापद आहे. अर्थ, पैसे चुकते करणे. इटालियनमध्ये तेच ‘पागारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’, आणि इंग्रजांचा ‘पे’ फ्रेंचांकडूनच आला. सर्वांची आई लॅटिन ‘पाकारे’. तिचा जुना अर्थ शांत करणे. ‘पाक्स’ म्हणजे शांतता, तिच्यावरून. रुमानियन भाषेत त्याच घराण्यातले क्रियापद समेट घडवणे या अर्थी आजही चालते. इतरत्र अर्थ सरकला. धनको दारात उभा आहे. त्याचे देऊन टाकले की तो शांत होतो, आणि देणाराही. यात परके ते काय? आपण भूक भागवतो, तहान भागवतो, तसे देणेही भागवतोच ना! क्रियापदाचे नाम मात्र आपण केले. पगारवाढ, भरपगारी रजा, ‘बिनपगारी, फुल अधिकारी’, हा सारा संसार मराठीनेच थाटला.

‘वेतना’शी आमचे भांडण नाही. पाणिनी-कौटिल्यांच्या पंक्तीतला तो शब्द. वेतन आयोगात शोभून दिसतो. पण बोईसरच्या कारखान्यातून सुटलेला कामगार घरी येऊन ‘वेतन झाले’ असे म्हणत नाही. ‘पगार झाला’ म्हणतो, आणि त्या ‘झाला’मध्ये लॅटिनातली शांतता पुरेपूर उतरलेली असते.

शुद्धीच करायची तर ‘मानधना’ची करा. शब्द कसा सोवळा! पण याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, अंगणवाडी सेविका पोरांची वजने घेते, त्यांना खाऊ घालते, नोंदी ठेवते. आणि तिला पगार मिळत नाही, मानधन मिळते. पगार म्हटले की देणे कबूल करावे लागते. मानधन म्हटले की देणारा उपकारकर्ता ठरतो. संस्कृतात ‘मानधन’ म्हणजे मान हेच ज्याचे धन आहे असा मनुष्य. सेविकेच्या बाबतीत सरकारने हा अर्थ जरा फारच मनावर घेतलेला दिसतो! २०२२ साली गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू केला आणि त्यांचे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच होय असे ठरवले. सरकारी कागदांवरचा शब्द मात्र होता तोच आहे. सद्गृहस्थांनी आपले पळीपंचपात्र घेऊन आधी तिकडे जावे.