चांदीच्या कपाटातल्या बेड्या

मार्च २०२५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला: स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेच्या संग्रहालयांतून देशात फूट पाडणारी विचारसरणी हद्दपार करा. वंश आणि अमेरिकी शिल्पकला यांच्या नात्यावर तिथे भरलेल्या एका प्रदर्शनाचा तर त्यात नाव घेऊन उद्धार केला होता. तक्रार ओळखीची आहे. कलावंत बाहेरून विचारसरणी आणतात आणि बिचाऱ्या इतिहासावर लादतात!

या तक्रारीला अमेरिकी कलावंत फ्रेड विल्सन यांनी १९९२मध्येच उत्तर देऊन ठेवले आहे. बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीने त्यांना आपले कोठार धुंडाळू दिले आणि त्यातून 'मायनिंग द म्युझियम' हे प्रदर्शन उभे राहिले. एका काचेच्या कपाटात उठावदार नक्षीची चांदीची भांडी झळकत होती. त्यांच्याच मधोमध गुलामांना घालायच्या लोखंडी बेड्या. वर पाटी फक्त धातुकामाची आणि सालांची: १७९३ ते १८८०. पलीकडे उंची खुर्च्या बैठक भरल्यासारख्या मांडलेल्या, आणि त्यांची तोंडे फटके मारण्याच्या खांबाकडे वळवलेली. एका जुन्या बाबागाडीत तर दुपट्याच्या जागी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा बुरखा होता.

यातले काहीच बाहेरून आणलेले नव्हते. सगळा माल संस्थेचाच. विल्सन यांनी फक्त जागा बदलल्या.

विद्यार्थिदशेत त्यांनी संग्रहालयात पहारेकऱ्याची नोकरी केली होती. १९९१मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या संग्रहालयांतल्या पहारेकऱ्यांचे गणवेश चढवून चार काळे, बिनडोक्याचे पुतळे उभे केले. चित्रे पाहणारा प्रेक्षक पहारेकऱ्याचा चेहरा कशाला पाहील?

कलावंत कारा वॉकर यांची वाट अगदी उलटी. २०१४मध्ये ब्रुकलिनमधल्या डॉमिनोच्या बंद पडलेल्या साखर कारखान्यात त्यांनी साखरेने मढवलेली, सुमारे ७५ फूट लांबीची कृष्णवर्णीय स्त्री स्फिंक्ससारखी बसवली. उसाच्या मळ्यांपासून स्वयंपाकघरापर्यंत फुकट राबलेल्या हातांना ती अर्पण होती. लोकांनी रांगा लावल्या, आणि अनेकांनी त्या नग्न देहासमोर अश्लील हावभाव करत सेल्फी काढले. वॉकर यांनी प्रेक्षकांचेही चित्रीकरण करून ठेवले होते, ही त्यांची हुशारीच. तरीही एवढा अवाढव्य आकार प्रेक्षकाला पळवाट देतो: फोटो काढला की झाले. चांदीशेजारच्या बेड्यांसमोर ती सोय नाही.

बाल्टिमोरमध्ये आणखी एक गंमत होती. संस्थेच्या संग्रहातले हेन्री क्ले, अँड्र्यू जॅक्सन आणि नेपोलियन यांचे संगमरवरी अर्धपुतळे विल्सन यांनी चौथऱ्यांवर ठेवले. शेजारी तीन रिकामे चौथरे, वर फक्त नावे: हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, बेंजामिन बॅनेकर. हे तिघेही कृष्णवर्णीय आणि मेरीलँडचे. पुतळे लाभलेल्यांपैकी एकही नाही. संग्रहालयात विचारसरणी कोणी घुसवली याची चौकशी व्हायचीच असेल, तर ती नेपोलियनपासून सुरू करायला हरकत नसावी.