अतिथी देवो भव, पण हॉटेलात!

आपल्या सरकारचा 'आयटेक' नावाचा एक कार्यक्रम आहे. नाव ऐकून हिंजवडीतली नवीन कंपनी वाटेल, पण नाही. इंडियन टेक्निकल अँड इकॉनॉमिक कोऑपरेशन. १५ सप्टेंबर १९६४ रोजी सुरू झाला, म्हणजे साठी उलटून गेली. आफ्रिका, मध्य आशिया, लॅटिन अमेरिका, पॅसिफिकमधली बेटं, अशा सुमारे १६० देशांमधले नोकरदार लोक यातून काही आठवड्यांच्या कोर्सेससाठी भारतात येतात. हिशेब तपासणी, ग्रामीण विकास, इंग्रजी, आयटी, निवडणूक व्यवस्थापन, वाट्टेल ते विषय. विमानाचं तिकीट, फी, राहणं-खाणं, वर हातखर्च... सगळं भारत सरकारकडून. म्हणजे तुमच्या-माझ्या पगारातून कापल्या जाणाऱ्या टीडीएसमधून. आत्तापर्यंत दोन लाखांहून जास्त लोक असे येऊन गेले.

मला या कार्यक्रमाबद्दल अजिबात तक्रार नाही. उलट अभिमान आहे. परकीय चलनाची बोंब असलेल्या देशाने १९६४ साली, नेहरू गेले त्याच वर्षी, दुसऱ्यांना शिकवायचं ठरवलं, ही साधी गोष्ट नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या दोन लाखांतल्या किती जणांनी भारतीय घरात जमिनीवर मांडी घालून (किंवा आयकियाच्या टेबलावर, चालेल) वरणभात खाल्लाय?

याचा आकडा माझ्याकडे नाही. पण एक नमुना आहे. गेली दोन वर्षं मी अधूनमधून शनिवारी एका प्रशिक्षण संस्थेत डेटाबेस शिकवायला जातो. तिथे असे पाहुणे असतात. एकदा चहाच्या सुट्टीत मलावीच्या अर्थखात्यातला एक अधिकारी मला म्हणाला, "तीन आठवडे झाले मला इथे. नावाने ओळखतो असे पाच भारतीय आहेत. कोर्सचे सर, ड्रायव्हर, रिसेप्शनवरचा मुलगा, कॅन्टीनवाले काका आणि आता तू." मी विचारलं, "मग वीकेंडला काय करतोस?" म्हणाला, "मॉलमध्ये जातो. लोक माझ्याबरोबर फोटो काढतात. बोलत कोणीच नाही."

तो हे रागाने बोलला नाही. म्हणून जास्त लागलं.

संस्थेला विचारलं तर उत्तर सरळ होतं. वेळापत्रकात अभ्यास-सहल आहे, सांस्कृतिक कार्यक्रम आहे, निरोप समारंभाला शाल आणि गणपतीची मूर्ती आहे. घर नाही. घर हा सरकारी कागदावर येणारा विषयच नाही, कारण घर सरकारकडे नसतं. ते तुमच्याकडे आणि माझ्याकडे असतं.

आता दुसरीकडे बघा. अमेरिकेचा याच जातीचा एक कार्यक्रम आहे, इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्रॅम. मुळं १९४० सालातली, नेल्सन रॉकफेलरने लॅटिन अमेरिकेतल्या पत्रकारांना बोलावलं तेव्हाची. जगभरातले वकील, पत्रकार, डॉक्टर, नगरसेवक साधारण तीन आठवड्यांसाठी बोलावतात. मार्गारेट थॅचर १९६७ साली याच कार्यक्रमातून अमेरिका फिरून आल्या होत्या, पंतप्रधान होण्याच्या बारा वर्षं आधी. एकूण पाहुण्यांचा आकडा? तोही दोन लाखांच्या वर. म्हणजे आकड्यात आपण काही फार मागे नाही.

फरक कुठे आहे? पाहुणा वॉशिंग्टनला उतरतो आणि मग त्याला लहान-मोठ्या शहरांमध्ये पाठवतात. तिथे त्याला सरकार भेटत नाही. भेटते एखादी स्थानिक संस्था, जी बरीचशी स्वयंसेवकांवर चालते. त्यांची देशव्यापी साखळी १९६१ पासून आहे. आता तिचं नाव ग्लोबल टाइज यूएस. ही मंडळी भेटी ठरवतात, एअरपोर्टवर आणायला जातात आणि मुख्य म्हणजे एका संध्याकाळी जेवायला घरी नेतात. ओहायोत ऑनसाइट असताना अशा एका जोडप्याकडे मी गेलो होतो. दोघंही निवृत्त शाळामास्तर. फ्रिजवर वीस-बावीस देशांतल्या लोकांचे फोटो चिकटवलेले. उझबेकिस्तान कुठे आहे हे त्यांना मला नकाशात दाखवावं लागलं. जेवण काय होतं? उकडलेले बटाटे आणि सॅलड. पण माझ्या डोक्यातली अमेरिका त्या टेबलावर जेवढी बदलली तेवढी दोन वर्षांच्या स्टेटस कॉल्समध्ये बदलली नाही.

इथे काही मंडळी लगेच सरसावून बसतील. "अहो, हा प्रचार आहे! सॉफ्ट पॉवर! पैसा त्यांच्या परराष्ट्र खात्याचा!" अगदी बरोबर. पैसा त्यांच्या परराष्ट्र खात्याचाच आहे आणि हेतूही भोळा नाही, उद्याचे नेते आजच हेरायचे असतात. पण त्या मास्तरीणबाईंना कोणी संहिता लिहून दिलेली नव्हती. इराक युद्धावरून त्यांनी स्वतःच्याच सरकारला माझ्यासमोर शिव्या घातल्या. प्रचारपत्रक असं बोलत नाही. सरकार माणूस दारापर्यंत आणून सोडू शकतं. दार उघडल्यावर काय बोलायचं हे त्याच्या हातात नसतं, आणि म्हणूनच त्या बोलण्यावर विश्वास बसतो.

आणि सरकारचा पैसा कधी आटेल याचा नेम नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांच्या परराष्ट्र खात्याने अशा एक्स्चेंज कार्यक्रमांचा निधी गोठवला होता. साठ वर्षं लागलेली घरी बोलावण्याची सवय मात्र एका आदेशाने गोठत नाही. आपलं नेमकं उलटं आहे. पैसा वाहतोय, सवय नाही.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. "याने होतं काय? युद्धं थांबतात का?" नाही थांबत. १९८५ साली चीनच्या हबेई प्रांतातला एक तरुण तालुका पातळीवरचा पक्षसचिव पशुखाद्याचा अभ्यास करायला आयोवातल्या मस्कटीन या गावी गेला आणि तिथल्या एका कुटुंबाच्या घरी राहिला. त्याचं नाव शी जिनपिंग. २०१२ मध्ये उपाध्यक्ष असताना तो वाट वाकडी करून त्या जुन्या यजमानांना भेटायला पुन्हा मस्कटीनला गेला. छान ना? पण २०१८ मध्ये अमेरिका-चीन व्यापारयुद्ध पेटलंच, आणि आयोवातल्या सोयाबीनवाल्यांना त्याचा फटका बसलाच.

आपलंही उदाहरण आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते. कोटणीस तिथेच राहिले, तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केलं आणि १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. २०१४ मध्ये शी जिनपिंग दिल्लीला आले तेव्हा कोटणीसांच्या वृद्ध बहिणीला आवर्जून भेटले. आणि तरी २०२० मध्ये गलवान झालं.

मग उपयोग काय? माझं म्हणणं एवढंच आहे की गलवाननंतरही कोणी मराठी माणूस 'चिनी' हा शब्द उच्चारताना क्षणभर थांबत असेल, तर त्याला कारण कोटणीस आहेत. एक ओळखीचा चेहरा डोक्यात असला की अख्ख्या देशाला एका शिवीत बसवणं अवघड जातं. घरगुती पाहुणचाराची ताकद इतकीच. ती सैन्याची जागा घेत नाही, पण ज्या द्वेषावर पुढचं सगळं उभं राहतं त्याला थोडी खीळ घालते.

आणि हा द्वेष आपल्याकडे नाही असं कृपया म्हणू नका. २०१६ मध्ये बंगळुरूत एका टांझानियन विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. तिचा दोष काय, तर आधी झालेल्या एका अपघातातला ड्रायव्हर आफ्रिकन होता. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मारलं. आपल्या पुण्यात आफ्रिकन विद्यार्थ्यांना फ्लॅट देताना सोसायट्या काय बोलतात ते एखाद्या ब्रोकरला विचारा. आणि हेच आपण, २०२५ च्या सप्टेंबरात ट्रम्पने एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली तेव्हा काय ओरडत होतो? "आम्हाला आकडा समजू नका, आम्ही माणसं आहोत!" बरोबर आहे की. पण हे वाक्य मॉलमध्ये उभ्या असलेल्या त्या मलावीच्या अधिकाऱ्यालाही लागू आहे, साहेब.

आता आपल्या सबबी. एकेक घेऊ.

"घर लहान आहे." जेवायला बोलवायचंय, जागा नावावर करून द्यायची नाहीये. आपले आजोबा दोन खोल्यांत राहायचे आणि पंगती उठवायचे.

"पोलिसांची भानगड." परदेशी माणूस रात्री मुक्कामाला ठेवला तर चोवीस तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते, हे खरं. जेवून नऊ वाजता परत जाणाऱ्या माणसासाठी असला कुठलाही फॉर्म नाही.

"त्यांना आपलं जेवण चालेल का?" विचारा! डुक्कर, गाय, दारू, तिखट, एवढे चार प्रश्न. पिठलं-भाकरी उझबेक माणसाला आवडली नाही तरी त्याला गावाकडे सांगायला गोष्ट मिळेल.

"आईला त्रास." ही एक सबब मात्र मला खरी वाटते. आपल्याकडे पाहुणचार म्हणजे पुरुषाने आमंत्रण द्यायचं आणि बाईने ओट्याशी उभं राहायचं. तसं करणार असाल तर नकाच बोलावू. स्वतः खिचडी लावा, नाहीतर कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणा, आणि आईला पाहुण्यांशी गप्पा मारायला बाहेर बसवा. मोडक्या इंग्रजीत ती जे विचारेल ना (पगार किती, लग्न झालं का, आई कशी आहे), ते कुठल्याही सांस्कृतिक कार्यक्रमापेक्षा भारी असतं.

"वेळ नाही." शनिवार संध्याकाळ. सिरीजचे तीन एपिसोड. बास.

आणि हे सगळं आपल्याला परकं आहे असंही नाही. याच पुण्यात गरीब विद्यार्थी 'वार लावून' जेवायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्या घरांनी न ओळखीची मुलं जेवू घातली आणि त्यातून पिढ्या शिकल्या. (जातीची कुंपणं त्यालाही होती, ती काही परत आणायची नाहीत.) रोटरीचा ग्रुप स्टडी एक्स्चेंज होता, १९६५ पासून. रोटरियन नसलेल्या तरुण नोकरदारांच्या टीम्स चार ते सहा आठवडे परदेशात जायच्या आणि तिथल्या घरांमध्ये राहायच्या. आपल्या गावागावांतून लोक त्यात गेले, बाहेरचे इथे आले, सांगली-कोल्हापूरकडच्या घरांत राहिलेले गोरे लोक आठवणारी माणसं आजही भेटतील. २०१३ मध्ये रोटरीने तो कार्यक्रम बंद केला. त्यानंतर आपली पिढी कमवायला लागली. आधीच्या पिढीपेक्षा जास्त पैसे, मोठे फ्लॅट, बरं इंग्रजी. आणि पाहुणे? शून्य.

शहरांच्या मैत्रीचंही तेच. पुणे आणि सॅन होजे १९९२ पासून भगिनी-शहरं आहेत. तुमच्या ऑफिसात सॅन होजेला जाऊन आलेले निदान दहा जण असतील. त्यांना विचारून बघा ही गोष्ट माहीत आहे का. ओकायामाशी मैत्री म्हटलं की आपल्याला सिंहगड रस्त्यावरची बाग आठवते. बाग सुंदर आहे, वादच नाही. पण मैत्री म्हणजे हिरवळीवर बसू नये अशी पाटी नव्हे.

तर मुद्द्याचं. आपल्या शहरात परदेशी नोकरदार शिकायला येतात अशा संस्था आहेत. त्यांच्या कोर्स कोऑर्डिनेटरला एक मेल टाका: "आमची चार घरं आहेत, एका शनिवारी प्रत्येकी दोन पाहुणे जेवायला नेऊ, आणायला-सोडायला आम्ही." मी हे केलं. पहिल्या मेलला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला 'वरिष्ठांना विचारतो' आलं, तिसऱ्या वेळी प्रत्यक्ष जाऊन उभा राहिलो तेव्हा झालं. सात महिन्यांत अकरा घरं जमली आहेत, त्यातली आठ आयटीवाल्यांची. एक वार लागलाय म्हणा ना.

सरकारने धोरण काढावं, पोर्टल काढावं, वगैरे मी मागणार नाही. सरकारने त्याचं काम केलं आहे. हजारो मैलांवरून माणूस आपल्या खर्चाने आपल्या गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलाय. शेवटचे दोन किलोमीटर आपले आहेत. तेवढेही आपण जाणार नसू, तर 'अतिथी देवो भव'ची जाहिरात आली की निदान चॅनल बदलत जाऊ या.