उस्तादांची वही संगणकात जावी, पण भाड्याच्या घरात नको

नंदुरबार, शहादा, नवापूर या भागात मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालविणाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे उस्तादांची वही. कोणत्या सबमर्सिबल पंपाला किती स्लॉट, एका कॉइलला किती वेढे, तार किती गेजची, पिच काय, हे सारे तिच्यात. वही तेलकट होते, पाने सुटतात आणि उस्ताद गेले की मुलाला अक्षर लागत नाही. मग ऐन हंगामात शेतकरी पंप घेऊन दारात उभा, आणि आपण जळालेल्या कॉइलचे वेढे एकेक मोजत बसतो.

ही वही संगणकात घालावी असे आता बरेच जण म्हणतात. आमचेही तेच मत आहे. प्रश्न कोणत्या संगणक-प्रणालीत घालावी, हा आहे. १९९०च्या दशकात आपण मराठीसाठी श्रीलिपी आणि उर्दूसाठी इनपेज वापरले. कामे झाली, छपाई सुंदर झाली. पण त्या काळचा मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. तो फॉन्ट, ती प्रणाली आणि डोंगल हाताशी नसेल, तर आज त्या फायली उघडून पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. माल आपला, कुलूप दुसऱ्याचे!

म्हणून आम्ही स्फिंक्स सुचवितो. गेऑर्ग ब्रांडल यांनी २००८ साली पायथॉन भाषेच्या माहितीपुस्तिकेसाठी ते आणले. २०१६ पासून लिनक्स कर्नलची पुस्तिकाही त्यातच तयार होते. फुकटचे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे पाहावे. मजकूर साध्या फायलींत, वेढ्यांचा तक्ता सीएसव्ही फाईलमध्ये लिहायचा. ‘मेक एचटीएमएल’ म्हटले की पाने तयार. ती दुकानातल्याच मशीनवर, इंटरनेटशिवाय उघडतात. छापील पुस्तक हवे तर झीलेटेक्सकडून पीडीएफ निघते. मात्र त्याला लोहितसारखा देवनागरी फॉन्ट नावानिशी सांगावा लागतो, नाहीतर अक्षरे नीट उमटतीलच असे नाही.

तयार पॅकेज मिळत असताना सोर्सवरून बांधण्याची खटपट कशाला? कारण स्फिंक्सचा शोध मराठीत कच्चा आहे. काना-मात्रांपाशी तो शब्द तोडतो, त्यामुळे ‘वेढे’ शोधायला गेल्यास भरवसा नाही. बंद प्रणाली असती तर कंपनीला विनवण्या करीत बसावे लागले असते. इथे सोर्स आपल्यापाशी आहे, परवाना बदल करू देतो, जाणत्या मुलाने तो भाग दुरुस्त करावा आणि पुन्हा बांधावे. मोटार उघडता येते म्हणूनच ती दुरुस्त होते, हे आपल्या कारागिरांना समजावायला नको.

काम फार अवघड नाही. गिटने सोर्स उतरवायचा, पायथॉनचे वेगळे वातावरण करायचे, त्याच फोल्डरमध्ये ‘पिप इन्स्टॉल’ चालवायचे. नव्या स्फिंक्सला नवा पायथॉन लागतो, तेव्हा जुन्या मशीनवर तो आहे का ते आधी पाहावे. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: स्फिंक्स एकटे चालत नाही. डॉक्युटिल्स, जिंजा असे सोबती त्याला लागतात. ‘पिप डाउनलोड’ने तेही पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावेत, म्हणजे उद्या लाइन बंद असली तरी दुसऱ्या मशीनवर सारे उभे करता येईल.

हे करणार कोण? अक्कलकुव्याच्या जामियाच्या परिसरात आयटीआय आहे, तंत्रनिकेतन आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी प्रकल्प हवेच असतात. दोन मुलांना हा विषय द्यावा, आणि दुकानदारांनी त्यांना फुकट राबवू नये, रीतसर मेहनताना द्यावा.

पूर्ण वही उतरवायला एकदम बसू नये. दुकानात सर्वांत जास्त येणाऱ्या दहा मोटारी निवडाव्यात, उस्तादांना शेजारी बसवून त्यांचे आकडे वाचून घ्यावेत आणि मशीन खोलल्यावर प्रत्यक्ष ताडून पाहावेत. वहीतला आकडा चुकीचा निघाला तर तो कोणत्या तारखेला, कोणी बदलला, हे गिटमध्ये राहते.