पोरं विकू नका

खेळाडू नोंदणीची मुदत जवळ आली की बाहेरचा नावाजलेला गडी आणण्याची घाई सुरू होते. हातकणंगले तालुक्यातल्या तरुण कबड्डी संघांनी अशा वेळी प्रो कबड्डी लीगमधल्या पुणेरी पलटणकडे पाहावे.

२०२३च्या लिलावात पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. पण अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही घडवलेली पोरं सोडली नाहीत. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या हंगामात शादलूई हरियाणाकडे गेला, कर्णधार अस्लम जायबंदी झाला आणि पलटण बाद फेरीबाहेर राहिली. हरियाणा मात्र विजेता ठरला. म्हणजे बाहेरच्या गड्याची किंमत खरीच आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही आमचे मत स्पष्ट आहे. डावा कोपरा कच्चा असेल तर तेवढ्यापुरता एक पक्का बचावपटू जरूर आणा. चढाई शिकणारी विशीतली पोरं त्याच्या बदल्यात देऊ नका. त्यांना हा पूर्ण हंगाम मैदानावर खेळू द्या, हरले तरी.