‘शेजारी’ पुन्हा यावा

जुन्या चित्रपटांना नवा साज चढवून ते पुन्हा पडद्यावर आणण्याची टूम आपल्या चित्रसृष्टीत आजची नाही. नव्या कथांचा दुष्काळ पडला की निर्मात्यांची पावले वडिलार्जित कोठाराकडे वळतात, आणि रसिकांमधील जाणते ‘जुने ते सोने’ म्हणून नाके मुरडतात. या वादात दोन्ही पक्षांचे थोडे थोडे चुकते, असे आम्हांस वाटते. जुना चित्रपट पुन्हा काढावा की काढू नये, हा खरा प्रश्नच नव्हे. कोणता काढावा आणि कशासाठी काढावा, हा प्रश्न आहे.

मेहबूब खान यांनी १९४० साली काढलेला ‘औरत’ हा चित्रपट त्यांनीच १९५७ साली ‘मदर इंडिया’ या नावाने पुन्हा काढला. कथा तीच, सावकारही तोच; परंतु मधल्या सतरा वर्षांत देश स्वतंत्र झाला होता, आणि त्यामुळे एका शेतकरी स्त्रीच्या कष्टांना निराळाच अर्थ आला होता. नव्या निर्मितीचे समर्थन त्या बदललेल्या अर्थात होते. बिमल रॉय यांनी १९३५ च्या हिंदी ‘देवदास’चे छायालेखन केले होते, वीस वर्षांनी तीच कथा त्यांनी स्वतः दिग्दर्शित केली आणि तीत आपल्या संयमाची भर घातली. उलट २००२ सालच्या ‘देवदास’मध्ये महाल वाढले, झुंबरे वाढली, शरच्चंद्रांच्या नायकाचे दुःख मात्र त्या झगमगाटात हरवले. पैसा ओतल्याने जुनी कथा नवी होत नाही. तिच्यातला प्रश्न अजून जिवंत असेल, तरच ती नवी होते.

ही कसोटी मराठी चित्रपटांना लावायची तर प्रथम ‘प्रभात’कडेच पाहावे लागेल. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ला कोणी हात लावू नये, विष्णुपंत पागनिसांचा तुकोबा ज्यांनी पाहिला, त्यांना दुसरा पाहवणार नाही. ‘कुंकू’ची गोष्ट वेगळी. वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावलेली, आणि तो संसार मान्य करण्यास ठाम नकार देणारी नीरा शांता आपटे यांनी १९३७ साली उभी केली. तसे जरठविवाह आज उघडपणे होत नसले तरी मुलीच्या संमतीचा प्रश्न मिटला आहे, असे कोण म्हणेल? ‘माणूस’मधील प्रामाणिक शिपाई आणि समाजाने टाकलेली मैना यांची कथाही आज सांगता येईल. तरीही एकच चित्रपट निवडा असे कोणी म्हटले, तर आम्ही ‘शेजारी’चे नाव घेऊ.

व्ही. शांताराम यांनी १९४१ साली तो पडद्यावर आणला. कथा विश्राम बेडेकरांची. स्वतंत्र पाकिस्तानाची मागणी करणारा लाहोरचा ठराव होऊन जेमतेम वर्ष उलटले होते. अशा वेळी केशवराव दाते यांचा जिवबा आणि गजानन जागीरदार यांचा मिर्झा हे जन्माचे शेजारी पडद्यावर आले. गावात धरण बांधण्यासाठी आलेल्या ओंकार नावाच्या भांडवलदाराला गावकऱ्यांच्या जमिनी हव्या असतात. गाव एक असेतोवर त्या मिळणार नाहीत, हे तो ओळखतो आणि दोन घरांच्या मध्ये संशयाचे बी पेरतो. अखेरीस धरण फुटते आणि त्या प्रलयात दोघे मित्र हातात हात घेऊन मरण पत्करतात. धर्मभेदाच्या भांडणामागे पुष्कळदा जमिनीचा व्यवहार दडलेला असतो, हे सांगण्याचे धैर्य त्या काळी ‘प्रभात’ने दाखविले.

हा चित्रपट गोमंतकीयाला परका वाटूच शकत नाही. सांगे तालुक्यातील साळावली धरणासाठी कुर्डी गाव पाण्याखाली गेले, त्याला आता चार दशके होत आली. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे जन्मगाव. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मे महिन्यात घरांचे चौथरे वर येतात, सोमेश्वराचे देऊळ मोकळे होते आणि विस्थापित झालेले गावकरी तेथे जमतात. हिंदू देवळाच्या उत्सवाला येतात, ख्रिस्ती कपेलाच्या फेस्ताला येतात, आणि पाऊस सुरू झाला की गाव पुन्हा बुडते. ‘शेजारी’तले धरण फुटले, आमचे धरण भरले. त्या पाण्यावर आज दक्षिण गोव्यातील असंख्य घरांचे नळ चालतात. ओंकारला दुष्ट ठरवून मोकळे होण्याची सोय या कथेत नाही, आणि म्हणूनच ती अधिक अवघड आणि अधिक मोलाची आहे.

नव्या ‘शेजारी’त ओंकार वेगळा दिसेल. तो मिशांना पीळ देणार नाही. नकाशे आणि भूरूपांतराचे कागद घेऊन नम्रपणे दारी येईल. डोंगर कापताना तो गावाला रोजगाराचे आश्वासन देईल, आणि विरोध एकवटू लागला की कोणाच्या तरी कानात कोणाच्या तरी धर्माविषयी, भाषेविषयी हळूच काही सांगेल. तेढ धर्माचीच लागते असेही नाही. १९६७ च्या जनमत कौलात आणि पुढे १९८५ ते १९८७ च्या भाषावादात एकाच वाड्यावरची माणसे एकमेकांशी बोलेनाशी झालेली पाहणारे लोक अजून हयात आहेत. आम्हीही त्या काळातील कटुतेपासून अलिप्त होतो, असा आव आणणे अप्रामाणिकपणाचे होईल. नव्या दिग्दर्शकाने हे सारे दाखवावे. आपल्याच बाजूच्या माणसाला सोवळे ठरविण्याचा मोह मात्र टाळावा. मूळ चित्रपटाचे बळ जिवबा आणि मिर्झा दोघेही चुकतात, यातच आहे.

अर्थात नवी आवृत्ती निघाली म्हणून जुनी अडगळीत टाकायची नसते. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांच्या कितीतरी फिती जळून गेल्या. जे शिल्लक आहे ते जपणे, स्वच्छ करणे आणि लोकांना दाखविणे हे पहिले कर्तव्य. पुनर्निर्मिती हे दुसरे. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरत आहे. जगाचे चित्रपट आम्ही येथे पाहतो, त्याचा अभिमानही मिरवतो. त्याच सोहळ्यात एखाद्या संध्याकाळी ‘शेजारी’ दाखवावा, आणि मे महिन्यात कुर्डीकर आपल्या गावी जमतात तेव्हा सोमेश्वराच्या प्रांगणात एक पडदा उभारून त्यांनाही तो दाखवावा. सरकारला आणि महोत्सवाच्या चालकांना हे जड जाऊ नये.

त्या प्रेक्षकांतूनच एखादा तरुण उठेल आणि ही गोष्ट आपल्या गावाची आहे, ती पुन्हा सांगितली पाहिजे, असे त्याला वाटेल. चित्रपट नव्याने काढण्याचे त्याहून चांगले कारण आम्हांस तरी दुसरे दिसत नाही.