सरासरीत हरवलेले समुद्र

उत्तर ध्रुवाकडचा समुद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं : पांढरा बर्फ आणि खाली काळं, थंडगार, ओसाड पाणी. प्रत्यक्षात तिथे एक समुद्र नाही, अनेक आहेत आणि एकाचा स्वभाव दुसऱ्याला नाही.

2020 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक हिशेब आला. 1998 ते 2018 या काळात आर्क्टिक महासागरातल्या वनस्पतिप्लवकांचं उत्पादन 57 टक्क्यांनी वाढलं. हे प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पती, तिथल्या अन्नसाखळीचा पाया. बर्फ वितळला, ऊन आत शिरलं, हिरवळ वाढली. मग कुणी म्हणतं, “हे तर चांगलंच झालं की!” मला हे पटत नाही.

जन्मभर वर्ग शिकवल्यामुळे सरासरी या शब्दाचा मला जरा धाकच वाटतो. वर्गाची सरासरी 60 आली तरी 30 गुणवाला मुलगा तिथेच बसलेला असतो, पण दिसत नाही.

आता चुकची समुद्र बघा. उथळ, जेमतेम 50 मीटर. बेरिंग सामुद्रधुनीतून पॅसिफिकचं पोषक पाणी आत येतं. 2011च्या जुलैत तिथे जवळजवळ मीटरभर जाडीच्या बर्फाखालीसुद्धा प्लवकांचा प्रचंड बहर सापडला. न खाल्लेले, मेलेले प्लवक आणि इतर सेंद्रिय कण लवकर तळाशी पोचतात. त्यांवर शिंपले जगतात आणि शिंपल्यांवर वॉलरस.

शेजारच्याच ब्यूफोर्ट समुद्राच्या खोल भागात उलटं. नद्यांचं आणि वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी वर झाकणासारखं बसतं. खालची पोषकद्रव्यं वर येत नाहीत. ऊन भरपूर, पण ताटात काही नाही! तिथे मोठ्यांपेक्षा अगदी बारीक प्लवकच तग धरतात.

सायबेरियाजवळच्या लापतेव्ह समुद्रात लेना नदी येते. तिथल्या गढूळ पाण्यात तरंगणारे कण बरेचसे जमिनीवरून आलेले, कुजलेल्या मातीचे. सेंद्रिय तेही, पण ती समुद्राची स्वतःची पिकवण नव्हे. उपग्रह पाण्याचा रंग बघून अंदाज बांधतो, आणि नदीचं तपकिरी पाणी नेमकं तिथेच त्याला चकवतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : ‘आर्क्टिक हिरवा होतोय’ असं कुणी सांगितलं की आधी विचारावं, कुठला समुद्र? कुठल्या खोलीवर? वाढलेलं कोण खाणार? उपग्रहाची मोजणी हवीच, पण त्याबरोबर जहाजं पाठवून जागोजागचं पाणी गाळून बघण्याचा खर्चही व्हायला हवा. तो खर्चिक आणि कष्टाचा आहे, मान्य. पण वॉलरस सरासरी खाऊन जगत नाही. त्याला त्याच्याच समुद्राच्या तळाशी शिंपला मिळावा लागतो.