ससा आणि सार्वजनिक हिशेब

ससा म्हणजे कितीही मारला तरी न संपणारा प्राणी, ही समजूत जगभर रूढ आहे. बिळे करून वसाहतीने राहणारा युरोपीय रानससा मात्र या समजुतीला अपवाद ठरू लागला आहे. (आपल्या माळरानावरचा ससा बिळे करीत नाही, तो निराळा.) युरोपीय सशाचे मूळ घर स्पेन व पोर्तुगाल. २०१९ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या मायभूमीतच त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत केली.

ही आपत्ती सर्वस्वी नैसर्गिक नव्हे. जून १९५२ मध्ये पॉल आर्मान-दलिल या निवृत्त फ्रेंच डॉक्टरांनी आपल्या इस्टेटीवरील सशांचा उपद्रव संपविण्यासाठी दोन सशांना मिक्सोमॅटोसिसचे विषाणू टोचले. डास व पिसवांमार्फत पसरणारा रोग कुंपण थोडेच मानणार! पुढच्याच वर्षी तो इंग्लंडात पोहोचला आणि काही वर्षांत युरोपातील कोट्यवधी ससे मेले. डॉक्टरांना न्यायालयाने ५,००० फ्रँक दंड केला. पुढे १९५६ साली सुवर्णपदक देऊन त्यांचा गौरवही झाला! पाठोपाठ, १९८४ साली चीनमध्ये प्रथम आढळलेल्या रक्तस्रावी रोगाने १९८८ च्या सुमारास स्पेनमधील रानससे गाठले. २०१० साली त्याचा नवा प्रकार फ्रान्समध्ये उद्भवला.

तथापि सर्व दोष रोगांच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. सशाला चरायला गवत आणि लपायला झुडूप, दोन्ही जवळजवळ लागतात. डोंगराळ भागातील लहान शेती ओस पडून तेथे दाट झाडोरा माजला; सपाटीवर यांत्रिक शेतीने बांध व झुडपे पुसून टाकली. रोगातून वाचलेल्यांना सावरण्यास जागाच उरली नाही.

याची किंमत इतरांनी मोजली. सशावरच जगणारा आयबेरियन लिंक्स २००२ च्या सुमारास शंभराच्या आत आला. इंग्लंडात ससे गेल्यावर गवत उंच वाढले, त्यातील मुंग्यांची विशिष्ट जात हटली आणि तिच्यावर विसंबलेले 'लार्ज ब्लू' हे निळे फुलपाखरू १९७९ साली तेथून नाहीसे झाले. लिंक्सला सावरण्यासाठी पुढे मोठा सार्वजनिक खर्च करावा लागला. २०२४ साली तो 'संकटग्रस्त' वर्गातून बाहेर आला.

स्पेनमधील काही धान्यपट्ट्यांत ससा आजही पिकांची नासाडी करतो आणि तेथील शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. तिची दाद भरपाईने व स्थानिक बंदोबस्ताने लागावी. एका इस्टेटीच्या नफ्यासाठी अवघ्या खंडाने तोटा सोसावा, हा व्यवहार मात्र पुन्हा होऊ देता कामा नये.